कळव्याहून शिवडीला : एका दफनभूमीचा धागा

१/ माझे वडील कळवा कारशेडमध्ये नोकरीला होते. रात्री लोकलची तपासणी करायची आणि पहाटे ती मुंबईच्या टर्मिनसकडे धाडायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्या टर्मिनसच्या वास्तुकाराची कबर शिवडीत आहे, हे मला ते गेल्यानंतर समजले. एका रविवारी कुर्ल्याला गाडी बदलून मी शिवडीला उतरलो.

२/ मुंबईतील इंग्रजांची पहिली दफनभूमी बेटाच्या दक्षिण भागात, मेंढम्स पॉइंट येथे होती. अठराव्या शतकात तिची जागा गिरगावाजवळच्या सोनापूरने घेतली. ‘सोनापूरला जाणे’ याचा मुंबईच्या मराठीत काय अर्थ होतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. शहर जसजसे वाढले, तसतसे मृतांना त्याच्या कडेला सरकावे लागले.

३/ १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्यांच्या नावाने मंडई ओळखली गेली, तेच हे क्रॉफर्ड. त्यांनी नव्या दफनभूमीसाठी शिवडीची जागा निवडली. तेथे पूर्वी वनस्पतिउद्यान होते. आजही आत शिरताच पहिली जाणीव होते ती सावलीची. थडगी नंतर दिसतात.

४/ व्हिक्टोरियन काळातील थडग्यांची एक चित्रभाषा आहे. अर्ध्यावर तुटलेला स्तंभ म्हणजे अकाली मृत्यू. नांगर म्हणजे आशा. वस्त्र पांघरलेला कलश म्हणजे शोक. संगमरवरातील अक्षरांत पुष्कळदा शिसे भरलेले असते. ते गळून पडले की बारीक छिद्रे उरतात आणि नाव बोटांनी चाचपून वाचावे लागते.

५/ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडमधील बाथ. व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच (१८९३). १९०० मध्ये हिवतापाने ते मरण पावले. वय अवघे ५२. २००४ मध्ये त्यांचे टर्मिनस जागतिक वारसा ठरले.

६/ जवळच्याच भूमीत जॉर्ज विटेट विसावले आहेत. गेटवे ऑफ इंडिया त्यांचे. गेटवे १९२४ मध्ये खुले झाले आणि दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, विटेट मुंबईतच वारले.

७/ परंतु ही केवळ साहेबांची भूमी नव्हे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगारांचे नेते आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा (१८६४–१९३०) येथेच आहेत. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेला हा ईस्ट इंडियन, म्हणजे याच मातीतला माणूस. साम्राज्याचे शिल्पकार आणि साम्राज्याला आव्हान देणारा एकाच कुंपणात.

८/ स्टीव्हन्स यांच्या टर्मिनसवरील पाने, पक्षी, प्राणी हे कोरीवकाम घडवण्यात मुंबईच्या कलाशाळेच्या (आजच्या जे. जे.च्या) विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. त्यांतील किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? मला एकही आठवले नाही.

९/ वडिलांच्या अस्थी आम्ही गोदावरीत विसर्जित केल्या. त्यांच्या नावाचा दगड कोठेही नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. शिवडीत उभा असताना प्रथमच मला त्याची खंत वाटली. मग परतताना कळव्याच्या अलीकडे गाडी खाडीवरून गेली आणि मनात आले, हाही कदाचित त्यांनी कधीतरी तपासलेला डबा असेल. खंत गेली नाही. सोसण्याजोगी मात्र झाली.

१०/ एक विनंती. आपापल्या गावातील जुन्या दफनभूमीत परवानगी घेऊन, शांतपणे जा. शिलालेख वहीत उतरवून घ्या. खडूने वा पाण्याने दगड घासू नका. ही घरच्यांची जागा आहे, याचे भान ठेवा. शिसे गळते आहे. नावे वाचता येतात तोवर वाचून ठेवू. (समाप्त)