चूक कोणाची? चौकटीची!

आज मला तुमच्यापुढे एक चूक कबूल करायची आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या धाकटीला पिंपळाच्या पानाचं क्षेत्रफळ काढून न्यायचं होतं. रात्रीचे नऊ वाजलेले, बाहेर धो धो पाऊस आणि घरात आलेख कागद नाही! "त्यात काय एवढं? आपणच छापू की," मी ऐटीत म्हणालो. कॉम्प्युटरवर एकेक सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या आणि छापल्या. कागद कसा सुरेख निघाला! तिने त्यावर पान ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. पूर्ण चौकट एक, अर्ध्याहून जास्त भरलेली तीही एक, अर्ध्याहून कमी असेल ती सोडून द्यायची. उत्तर आलं ८५ चौरस सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी स्वारी रडवेली होऊन घरी आली. तेच पान मैत्रिणीने दुकानातल्या कागदावर मोजलं, तर ८० भरलं!

"घाईघाईत मोजलं असशील. धांदरट कुठली!" मी म्हणालो.

बिचारीने पुन्हा मोजलं. पुन्हा ८५!

मग तिने एक युक्ती केली. मैत्रिणीचा कागद आणला, त्यावर माझा ठेवला आणि दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरले. "बाबा, इकडे ये. बघ!" पहिली रेघ रेघेवर बरोब्बर बसली होती. पण पुढे पुढे माझ्या रेघा मागे पडत गेल्या. फूटपट्टी लावली, तर माझ्या दहा चौकटी मिळून ९.७ सेंटिमीटरच!

असं का झालं? ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. पण पुष्कळ प्रिंटरना अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. म्हणून छापताना 'फिट' हा पर्याय निवडलेला असला, की सगळं चित्र थोडं आकसून पानात बसवलं जातं. माझं तेच झालं होतं. एका चौकटीत फरक जेमतेम ०.३ मिलिमीटर. डोळ्यांना कसा दिसणार? पण चौकट लांबीला आकसली आणि रुंदीलाही. ०.९७ गुणिले ०.९७ म्हणजे सुमारे ०.९४. आता ८५ ला ०.९४ ने गुणून पाहा. आले ना जवळजवळ ८०?

गंमत म्हणजे, याच कागदावर समीकरणाचा आलेख काढला असता तर काही बिघडलं नसतं. तिथे आपण नुसत्या चौकटी मोजतो आणि त्या सगळ्या सारख्याच आकसलेल्या असतात. खरी वस्तू कागदावर ठेवली, की मात्र सेंटिमीटरही खराच हवा!

आता आम्ही चारी बाजूंना समास सोडून १८ बाय २६ सेंटिमीटरची जाळी आखतो. छापताना 'फिट' नाही, 'अ‍ॅक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडतो. आणि कागद बाहेर आला, की आडव्या दहा आणि उभ्या दहा चौकटी फूटपट्टीने मोजतो. एकच चौकट मोजून चूक सापडत नाही.

पोरीने मोजणी बरोबरच केली होती. चूक माझ्या कागदाची आणि बोलणी मात्र तिला! मी तिला "सॉरी" म्हटलं.

ती हसली आणि म्हणाली, "चालेल. पण पुढच्या वेळी मला धांदरट म्हणायच्या आधी फूटपट्टी लावून बघ हं, बाबा!"