सोवळे पात्याचे

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता घोडे दौडत नाहीत. नाव तेवढे उरले आहे. बाकी कारखाने आणि वीज कंपनीच्या कचेऱ्या. तेथेच एका कुंपणाला आरसा टांगून बसणाऱ्या नाभिकाकडे आम्ही वर्षानुवर्षे दाढी केली. परंतु पाते नवे की जुने, हे एकदाही विचारले नाही.

काही वर्षांपूर्वी एका किरकोळ शस्त्रक्रियेआधी आमचे रक्त तपासले, तेव्हा त्यात हेपॅटायटिस सी या रोगाचा विषाणू निघाला. ना ताप, ना कावीळ. वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरावे, ही त्याची रीतच आहे. डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी कधी रक्त चढविले होते काय?" १९८४ साली अपघातानंतर दोन बाटल्या रक्त घेतल्याचे आम्हांस स्मरले. दोष कोणास द्यावा? हा विषाणू ओळखू आला तोच मुळी १९८९ साली. शिवाय रक्तातून आला की पात्यातून, हे आता कोण सांगणार?

घरी वार्ता कळली आणि आमचा पेला निराळा झाला. कोणी दुरुत्तर केले नाही. परंतु प्रसादाचे पानही जरा दूर मांडले गेले, ते आमच्या मनास लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी देवळाच्या आवारात नातवाचे जावळ होते. ओळीने मुले बसली होती. एकाच्या डोक्यावरून उतरलेला वस्तरा पाण्यात बुडवून तसाच दुसऱ्याच्या डोक्यावर चढत होता. आमच्या पेल्यास न शिवणारी मंडळी मुलांना मांडीवर घेऊन निर्धास्त बसली होती! आम्ही पुढे होऊन म्हटले, "आधी पाते बदला." शुभकार्यात विघ्न आणल्यासारखे सर्वजण आमच्याकडे पाहू लागले. नाभिकाने मात्र निमूटपणे नवे पाते लावले.

वाचकहो, हा रोग रक्तातून रक्तात जातो. पंक्तीत जेवल्याने, तीर्थप्रसाद घेतल्याने वा गळामिठीने तो होत नाही. दुसऱ्यासाठी वापरलेली सुई, वस्तरा, जत्रेतील गोंदणाची सुई, न तपासलेले रक्त, या त्याच्या वाटा. तुरटी फिरविल्याने तो मरत नाही. त्यावर लसही नाही. म्हणून सावधगिरी हाच पहिला उपाय. औषध मात्र आता आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात. आम्ही बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि विषाणू गेला. तथापि एकदा बरा झालेल्यास तो पुन्हा जडू शकतो, हे विसरून चालत नाही. ज्यांनी पूर्वी रक्त घेतले असेल, त्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी.

आमच्या घराण्यात सोवळे पुष्कळ पाळले गेले. पण ते ताटाचे, पात्याचे नव्हे. आता आमचा पेला पुन्हा इतरांच्या रांगेत आला आहे. पोलोग्राउंडवरचा नाभिकही आम्हांस पाहताच पात्याची नवी पुडी समोर फोडतो. आणि शेजारच्या गिऱ्हाइकासाठीही दुसरी फोडतो, याचे आम्हांस अधिक समाधान वाटते.