तीस सेकंदांची पेठ

रात्री साडेअकरानंतर नारायण पेठेत रस्त्यावर उभं राहायला दोनच सबळ कारणं असू शकतात, असं पेठेचं मत आहे. एक, आपली स्कूटर बंद पडलेली असणं. दुसरं, दुसऱ्याची चालू करायची असणं. ट्रायपॉड लावून जुन्या वाड्याकडे एकटक पाहणाऱ्या माणसाला पेठेच्या वहीत रकानाच नाही.

पण वाड्यांचे फोटो काढायचे तर रात्रीच. दिवसा पत्र्या मारुतीपासून मुंजाबाच्या बोळापर्यंत वाडे दिसतच नाहीत. दिसतात त्या त्यांच्यापुढे लावलेल्या दुचाक्या आणि क्लासच्या पाट्या. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, तेव्हा पडका वाडासुद्धा हळदीला बसल्यासारखा दिसायचा. आता एलईडीच्या पांढऱ्या उजेडात तोच वाडा डॉक्टरांनी तपासायला निजवल्यासारखा दिसतो. असो.

रात्रीच्या फोटोचं गणित सोपं आहे. उजेड कमी, म्हणून शटर तीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्यात समोरून जो चालत गेला, तो फोटोत उमटत नाही. जो थांबला, तो उमटतो. त्यामुळे इतरत्र रात्रीचे रस्ते फोटोत निर्मनुष्य येतात. आमच्याकडे तसं होत नाही, कारण नारायण पेठेत नुसतं चालत कोणी पुढे जात नाही. माझ्या प्रत्येक फोटोत मागे हात बांधून उभा असलेला एक गृहस्थ आहेच.

१९३० च्या सुमारास पॅरिसची रात्र टिपणारा ब्रासाई म्हणे सिगारेटवर वेळ मोजायचा. उजेड बरा असला तर साधी सिगारेट, अंधार जास्त असला तर जाडी. मला हा खर्च पडत नाही. मी प्रश्नांवर मोजतो. चौकातल्या दिव्याखाली 'कोण हवंय?' एवढ्यात फोटो होतो. बोळात मात्र 'मूळचे कुठले?' येईपर्यंत धीर धरावा लागतो.

ही पेठ ज्यांच्या नावाची, त्या नारायणराव पेशव्यांची १७७३ साली काकांपायी काय गत झाली, ते सर्वांना ठाऊक आहे. माझीही गाठ काकांशीच पडली. बनियन, लेंगा, हातात बॅटरी.

"कॉर्पोरेशनचे का?"

"नाही."

"मग बिल्डरचे."

"नाही हो काका, हौस म्हणून काढतोय."

"हौशीला दिवस पुरत नाही?"

वाड्यात दोनच बिऱ्हाडं उरली होती. बाकीचे पैसे घेऊन कोथरूडला, धायरीला गेले. काका सही करत नव्हते. अशा माणसाच्या दारात मध्यरात्री तीन पायांचं यंत्र रोवलं, तर त्याला मोजणीवालाच आठवणार. यात काकांचं काय चुकलं?

एकदा खात्री पटली, तसे ते स्वतःच कामाला लागले. "ही भिंतीवरची खूण घ्या. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाणी इथवर आलं. मी सात वर्षांचा." खूण घेतली. "आता वरची खिडकी. आई गेल्यापासून तिथं कोणी बसत नाही. थांबा, दिवा लावून येतो."

ते बाहेरच्या लाकडी जिन्यानं निघाले आणि मी शटर उघडलं. खाली आल्यावर त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घातलं. खिडकी छान उजळली होती. काका नव्हते. जिन्यावरून वर गेलेली एक वाकडीतिकडी उजेडाची रेघ तेवढी होती.

"मी कुठाय?"

"तुम्ही चालत होतात."

"आणि हे काय?"

"तुमची बॅटरी."

त्या रेघेकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"परत घ्या," ते म्हणाले. "मी खिडकीत उभा राहतो. किती वेळ?"

"तीस सेकंद. जागचं हलायचं नाही."

"आठ वर्षं दुसरं काय करतोय!" पुन्हा जिना चढता चढता ते ओरडले, "आणि कागदावर दोन प्रती काढा. एक वकिलांना लागेल."