आधी मोजा, मग बदला

आमचे घर एका जुन्या व्हॅनवर चालते. पहाटे पालघरहून पहिल्या पाळीचे कामगार घेऊन ती बोईसरला, तारापूर एमआयडीसीत जाते. गेल्या पावसाळ्यात ती रोज आडून बसू लागली. सेल्फ नुसता गुरगुरे. वस्तीतली पोरे धक्का मारीत, तोवर कामगारांची वेळ टळे. पाळी चुकली की हजेरी गेली. दोघांनी तर दुसरी गाडी धरली.

बॅटरी गेली, असे ज्याने त्याने सांगितले. आम्हालाही ते पटले. थोरलीच्या आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाची फी डब्यात होती, ती काढून नवी बॅटरी आणली. पंधरा दिवसांत तीही बसली. मग सल्ला आला, डायनामो बदला. पण डबा आता रिकामा होता.

तेव्हा थोरलीने विचारले, "बाबा, कुणी मोजून पाहिलं का?" कुणीच पाहिले नव्हते.

तिने मल्टीमीटर मागून आणला. बॅटरी बाहेरून चार्ज करून घेतली. गाडी बंद असताना आकडा 12.6 व्होल्ट, बॅटरी ठीक. इंजिन चालू झाल्यावर तो साधारण 13.8 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. दिवे, वायपर लावून पाहिले, तर 12.5. म्हणजे चार्ज पोहोचतच नव्हता. पट्टा घट्ट होता. मग ओढणी खोचून, हात पट्ट्यापासून लांब ठेवून तिने डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टावर मोजले. तिथे 14.2! डायनामो आपले काम करीत होता. वीज वाटेत अडत होती.

गाडी बंद करून, बॅटरीची वायर सोडवून तो जोड उघडला. खाऱ्या, दमट हवेने तार हिरवी पडली होती. नवे टोक बसवून जोड आवळला. बॅटरीवर आकडा आला 14.1.

फी आम्ही उसने काढून उशिरा भरली. गेलेल्या दोघांपैकी एक परत आला.

गाडीवर पोट असणाऱ्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'डायनामो तपासण्याची' खोड सोडा, त्याने चांगला डायनामोही जळतो. आणि कुणी म्हणाले, हे बदला, तर विचारा: मोजले का?