पुलाखालच्या विजारी

चीनच्या छायाचित्रांत एक चौकट आता इतकी रुळली आहे की तिला संकेतच म्हणावे. पुढे करड्या विटांची बैठी घरे, दारात बसलेली एखादी म्हातारी, मागे काचेचा उंच मनोरा. पाहणाऱ्याला काय वाटावे तेही जणू आधीच ठरलेले. कवितेतल्या झिजलेल्या प्रतिमांना आपण वर्गात नावे ठेवतो. छायाचित्रात मात्र तसलीच प्रतिमा आपल्याला 'बोलकी' वाटते.

या चौकटीविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न केली ती मिकेलांजेलो आंतोनिओनी याच्या 'चुंग कुओ, चीना' या माहितीपटाने. सांस्कृतिक क्रांती चालू असताना, १९७२ साली, चीन सरकारच्याच निमंत्रणावरून तो इटालियन दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला. साडेतीन तासांच्या या पटात फारसे काही घडत नाही. माणसे सायकलींवरून जातात, चहा पितात, बाजारात हिंडतात, कॅमेऱ्याकडे संकोचून पाहतात. ३० जानेवारी १९७४ रोजी 'पीपल्स डेली'ने त्यावर जबर टीका केली. अनेक आरोपांपैकी एक नानजिंगच्या पुलाविषयी होता. यांगत्से नदीवरचा हा भव्य पूल वाकड्यातिकड्या कोनांतून दाखवला. एवढेच नव्हे, तर त्याखाली दोरीवर वाळत घातलेल्या विजारीही दाखवल्या!

यावर हसणे सोपे आहे. ही टीका राजकीय मोहिमेचा भाग होती, हेही खरे. सुसान सोंटॅग यांनी 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या पुस्तकात या प्रकरणाची दखल घेतली आहे, तीही आंतोनिओनीच्या बाजूने झुकूनच. पण त्या पुलाची गोष्ट आठवावी. १९६० मध्ये सोव्हिएत मदत थांबली, आणि चिनी अभियंत्यांनी तो स्वबळावर पुरा करून १९६८ मध्ये वाहतुकीला खुला केला. ज्यांना तो अभिमानाने दाखवायचा होता त्यांच्या लेखी चीन म्हणजे तो पूल. पाहुण्याच्या लेखी चीन म्हणजे त्या विजारी. आम्ही अर्थातच विजारींच्या पक्षाचे. साहित्य शिकवणारा माणूस दुसरीकडे जाणार कुठे? तरीही एक गोष्ट खटकत राहते. दुसऱ्याच्या अंगणातले जुनेपण निवडून त्याला 'जीवन' म्हणायचे, आणि त्याने कष्टाने मिळवलेल्या नव्याला 'प्रचार', हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हा पट २००४ साली बीजिंगमध्ये जाहीरपणे दाखवला गेला. तोवर त्यातले बीजिंग बरेचसे उरले नव्हते. हुतोंग म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्या. त्यांच्या भिंतींवर 'छाय', अर्थात 'पाडा', हे अक्षर रंगवले जात होते. त्या गल्ल्या नाहीशा होण्याआधीच श्यू योंग या छायाचित्रकाराने त्यांची एकशे एक छायाचित्रे १९९० साली पुस्तकरूपाने आणली होती. त्यांत माणसे जवळजवळ नाहीत. गल्ल्या तेवढ्या आहेत, स्वच्छ, निःशब्द. सुंदर आहेत, पण आम्हांला ती थोडी स्मारकासारखी वाटतात.

मग रोजचे जगणे टिपले कोणी? आमच्या मते, ते जगणाऱ्यांनीच. तोमा सोव्हँ हा फ्रेंच संग्राहक २००९ पासून बीजिंगमधल्या एका भंगारवाल्याकडून टाकून दिलेल्या निगेटिव्ह किलोंनी विकत घेऊ लागला. तिथे चांदी काढण्यासाठी त्या विरघळवल्या जात. मुख्यतः १९८५ ते २००५ या काळातल्या पाच लाखांहून अधिक निगेटिव्ह त्याने अशा वाचवल्या. 'बीजिंग सिल्व्हरमाइन' हे त्या संग्रहाचे नाव. त्यांत बायका नव्या फ्रिजला हात टेकवून उभ्या आहेत, दूरदर्शनसंचाशेजारी कुटुंबे ताठ बसली आहेत. (असे फोटो आमच्या पिढीच्या घरोघरच्या अल्बमांतही निघतील.) पडक्या भिंतीकडे कोणाचे लक्ष नाही. कॅमेरा हाती आला तेव्हा त्यांनी नव्याचे छायाचित्र काढले, आणि पूल दाखवू पाहणाऱ्या सरकारपेक्षा कितीतरी अधिक प्रेमाने.

याच संग्रहातून सोव्हँने विवाहसमारंभांची छायाचित्रे वेगळी काढून त्यांचे एक छोटे पुस्तक केले आहे. वधू एकेका पाहुण्याची सिगारेट पेटवून देते. पाहुण्याचा मान राखण्याची ही चिनी लग्नातली रीत. काही छायाचित्रांत मात्र वधूवर एकाच बाटलीत बऱ्याच सिगारेटी खोचून धूर ओढत आहेत, आणि भोवतालचे सारे हसत आहेत.