आमच्या पिकअपचं खरं अॅव्हरेज

मुकुंदवाडीत आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतो. जुनी पिकअप भागीत घेतली. धाकटा ती चालवतो, थोरला कंपनीत आहे आणि डिझेलचे पैसे त्याच्या पगारातून जातात. विकणारा म्हणाला होता, "चौदाचं अॅव्हरेज आहे, डोळे झाकून घ्या." पण महिनाअखेर चौदाच्या हिशोबानं डिझेल काही जुळेना. बायकांत कुजबुज सुरू झाली. अशा कुजबुजीनं भावाभावांत भिंत उभी राहते. म्हणून कोणावर बोट न दाखवता आम्ही वही घातली.

पद्धत सोपी आहे. टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नळीनं, पहिल्यांदा नळी आपोआप बंद पडेल तिथंच थांबायचं. किती लिटर बसलं ते लिहायचं. एकाच खेपेवर भरवसा ठेवू नये. टाकीत एक-दीड लिटर कमीजास्त बसतं. वीस लिटरात तो फरक मोठा, शंभर लिटरात किरकोळ. मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप असतं. ते मागून मोजून घेण्याचा गिऱ्हाईकाला हक्क आहे.

महिनाभरात मीटरवर १२२४ किलोमीटर झाले, डिझेल लागलं १०८ लिटर. म्हणजे ११.३३. पण मीटर तरी खरं का? जालना रोडच्या दगडांवर ताडून पाहिलं. पन्नास किलोमीटरला मीटर एक्कावन्न दाखवी. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर पुढं पळतं. खरं अंतर १२०० निघालं, अॅव्हरेज ११.११.

वहीत मालाचे आणि रिकामे दिवस वेगळे लिहिले. जाधववाडीच्या बाजारात गाडी चालू ठेवून रांगेत उभं राहिलं की डिझेल जळतं, किलोमीटर मात्र शून्य. दौलताबादहून खुलताबादकडे भरलेली गाडी चढवताना फरक आणखी कळतो. कंपनीचा आकडा चाचणीच्या ठरावीक रीतीनं काढलेला असतो; तिथं बाजारातली रांग नसते.

रविवारी दोन्ही घरांसमोर वही वाचली. डिझेल कुठंही गेलं नव्हतं. चौदाचा आकडाच खोटा होता. वहिनींनी स्वतः भागाकार करून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता जालन्याचं भाडं वाढवा." बरोबरच होतं. जाऊन-येऊन १२० किलोमीटरला चौदानं साडेआठ लिटर लागतं, अकरानं जवळपास अकरा. लिटरला नव्वद रुपये धरले तरी खेपेमागे दोनशे रुपयांचा फरक.

ज्यांच्या घरी टेम्पो, रिक्षा आहे त्यांनी महिनाभर अशी वही ठेवून पाहावी. दहा रुपयांची वही आहे, पण तिनं पैसाही वाचतो आणि माणूसही.