गाळ काढला, पुढे काय?

सरकारी कारकुनाला रजा प्रवास सवलत मिळते तेव्हा तो काश्मीरला जातो, केरळला जातो. मी गेलो भोपाळला, मावशीकडे. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भोपाळलाच थांबते, त्यामुळे गाडी बदलण्याची कटकट नाही. मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणतो, भेल कारखान्यातून निवृत्त झाले. आता पिपलानीच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोघेच राहतात. खाली दहा-बारा दुकाने आहेत.

जूनचा दुसरा आठवडा होता. आमच्याकडे पाऊस सुरू झाला होता, तिथे मात्र अजून उन्हाचा वणवा. पहिल्याच सकाळी कसल्याशा उग्र वासाने जाग आली. खिडकीतून डोकावलो तर खाली दोन माणसे दुकानांपुढच्या गटारावरची फरशी उचलून आत उतरलेली. पावसाळ्यापूर्वी दुकानदारांनी वर्गणी काढून एका ठेकेदाराला सफाई दिली होती. छतावरच्या पन्हळींतला पालापाचोळा, गच्चीवरची माती आणि गटारातला वर्षभराचा गाळ असे सगळे काम. दुपारपर्यंत फाटकाजवळ काळ्याशार, पाणी गळणाऱ्या चिखलाचा कमरेएवढा ढीग झाला. संध्याकाळी ठेकेदार आला, पैसे घेतले आणि निघून गेला. ढीग तिथेच.

काकांनी विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "निकालने का ठेका था, उठाने का नहीं।"

हे वाक्य ऐकून मला हसू आले नाही. का ते सांगतो. मी एका पालिकेत कारकून आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये माझ्या टेबलावर गटारसफाईची देयके येतात. निविदेत शब्द ठरलेले असतात: गाळ काढणे, उचलणे व विल्हेवाट लावणे. मी मोजमाप वहीतले आकडे तपासतो, बेरीज बरोबर असली की खूण करतो आणि फाईल वर पाठवतो. इतक्या वर्षांत काढण्याचे घनमीटर मी शेकडो वेळा पडताळले, पण विल्हेवाट म्हणजे नेमके काय झाले, हे एकदाही विचारले नाही. बी. ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला निदान शब्दाचा अर्थ तरी विचारावासा वाटायला हवा होता!

दुसऱ्या दिवशी काका ढिगाकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागले. त्यांच्या गॅलरीत गुलाबाच्या वीसेक कुंड्या आहेत. म्हणाले, "अरे, हे तर काळे सोने! २००९ च्या उन्हाळ्यात मोठा तलाव आटला होता तेव्हा तळातला गाळ काढायला आम्ही श्रमदानाला गेलो होतो. शेतकरी ट्रॉल्या भरभरून नेत होते." तळे असावे तर भोपाळचे, बाकीची सगळी डबकी, असे तिथले लोक अभिमानाने म्हणतात, आणि अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेल्या त्या तळ्याविषयी काका बोलू लागले की थांबत नाहीत.

त्यांचे बोलणे मलाही पटत होते, कारण मी फोंडा तालुक्यातला. आमच्या कुळागरात पावसाआधी पाट उपसत. आजोबा पाटातला गाळ घमेल्याने माडांच्या, पोफळींच्या आळ्यांत घालत. घरामागच्या न्हाणीचे पाणीदेखील केळींनाच जाई. आमच्याकडे 'टाकून देणे' नव्हतेच, असायचे ते फक्त 'घालणे'.

काकांनी बादली आणली. तेव्हा आदल्या दिवशीच्या दोघांपैकी एक कामगार राहिलेली मजुरी मागायला आला होता, तो म्हणाला, "मत डालो, दादा. इसमें काँच है।" आणि त्याने हात पुढे केला. तळव्यावर ताजी चीर, वर कसलीशी चिंधी बांधलेली. हातमोजे ठेकेदाराने दिले नव्हते. त्याने फावड्याने ढीग उकलून दाखवला. गुटख्याच्या पुड्या, काचा, इंजेक्शनची सुई, घड्याळातले सेल, आणि खालच्या गॅरेजमधले ऑइल, ज्याचे रंग चिखलावर मोरपिसासारखे चमकत होते. तळ्यात गाळ येतो तो बराचसा शेतांतून. गटारात येतो तो आपल्या हातांतून. दोन्हींना आपण गाळ म्हणतो, एवढेच त्यांच्यात साम्य.

मावशीने त्याला आत बोलावले, जखम धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला पैसे दिले. काका मुकाट्याने बादली धुऊ लागले.

कायदे आहेत, नाही असे नाही. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. मलवाहिनीत उतरून माणूस मेला तर वारसांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण दुकानापुढच्या उघड्या गटारात चिरलेल्या हाताचे मोल कुठल्या कागदावर येत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तर उघड्या गटारांतून काढलेल्या गाळाची गणना 'निष्क्रिय' कचऱ्यात केली होती. कुजत नाही, जळत नाही, पुन्हा वापरता येत नाही, असा. फाटकाजवळचा तो निष्क्रिय पदार्थ पहिल्या मजल्यावर आम्हाला जेवू देत नव्हता.

तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. तासभरच, पण दणकून. सकाळी पाहतो तर ढीग अर्धा. उरलेला अर्धा आपल्या मूळ घरी, गटारात, परत गेलेला. दुकानदारांना पुन्हा पैसे मोजावे लागले. या वेळी काकांनी ठेकेदाराला वगळून थेट त्या दोघांनाच बोलावले, बूट आणि जाड हातमोजे आणून दिले, आणि काम कसे करायचे ते त्यांनाच विचारले.

गंमत अशी, की त्यांना सगळे ठाऊक होते. ओला गाळ लगेच गाडीत भरला तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असू शकते, शिवाय रस्ताभर गळती. आणि गटाराच्या काठावर सुकत ठेवला तर पावसाने परत आत. म्हणून त्यांनी जुने फ्लेक्स फलक फाटकापासून दूर उतारावर अंथरले, सखल बाजूला वाळूची पोती रचली, वर ताडपत्री तयार ठेवली. पाणी पोत्यांतून झिरपून खाली जाई, माती वर राही. दोन दिवस ऊन दिले, प्लास्टिक आणि काचा चिमट्याने वेगळ्या काढल्या, तेलकट भाग निराळ्या गोणीत. ढीग एवढासा झाला. काकांनी पालिकेत तीन फोन केले तेव्हा गाडी आली.

मी चालकाला विचारले, कुठे नेणार? म्हणाला, "खंती।" भानपूरची खंती, म्हणजे शहराचा जुना कचरा डेपो, २०१८ मध्ये बंद झाला. आता कचरा आदमपूर छावणीला जातो. पण लोकांच्या तोंडी शब्द तोच आहे.

भोपाळमध्ये हा प्रश्न विचारताना जीभ जरा जड होते. युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा १९८४ च्या त्या रात्रीनंतर चाळीस वर्षे कुणाला नको होता. २०१२ मध्ये तो जर्मनीला न्यायचे घाटत होते, तेही फिसकटले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये तो बारा कंटेनरांतून पिथमपूरला गेला, तिथेही लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर जाळून झाला. आणि जळून उरली ती राख, ती पुन्हा कुठेतरी ठेवणे आलेच. आमच्या फाटकाजवळच्या चिखलाची त्याच्याशी तुलना नाही करायची, पण काका म्हणाले ते लक्षात राहिले: "आमच्या गावाला 'कुठे टाकू' हे विचारायची सवय फार महागात पडून लागली रे."

रजा संपली, मी परतलो. टेबलावर गठ्ठा वाट पाहत होता. मुंबईत मिठी नदीच्या गाळाच्या देयकांवरून २०२५ मध्ये पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता, तेव्हा आमच्या कार्यालयात चार दिवस चर्चा झाली होती आणि मग सगळे शांत. या वेळी पहिल्याच देयकावर मी खूण केली नाही. समासात लिहिले: 'गाळ कोठे टाकला? जागा, तारीख व गाडीच्या फेऱ्या कळवाव्यात.' शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "भोपाळचे पाणी लागले वाटते!"

आठ दिवसांनी फाईल परत आली. ठेकेदाराचे एका ओळीचे उत्तर: 'गाळाची योग्य जागी विल्हेवाट लावण्यात आली आहे.'

मी त्याखाली लिहिले: 'योग्य जागा म्हणजे कोणती?' आणि फाईल पुन्हा पाठवली. ती अजून आलेली नाही. वरच्या साहेबांनी मात्र काल दोनदा चौकशी केली, की हे देयक का अडकलेय म्हणून.